ए की एफ? मुंबई–गोवा फ्लाइटमध्ये खिडकी कुठली घ्यायची

आजचा भाग फ्लाइटसारखाच छोटा आहे. तासाभराच्या विमानप्रवासात बाहेरचं जास्तीत जास्त दिसावं म्हणून सीट कशी निवडायची, ते बघू.

आधी माझा गाढवपणा सांगतो. आईचा पहिला विमानप्रवास, मुंबई ते गोवा. तिचं माहेर गुहागर. "वरून आमचं गाव दिसेल का रे?" मी डोकं लावलं: गोव्याला जाताना उजवीकडे समुद्र, डावीकडे जमीन. गाव जमिनीवर, म्हणजे डावी खिडकी. १४ए बुक केली. तर आईला अख्खा प्रवासभर दिसला विमानाचा पंख, आणि त्याच्या पलीकडे थोडा सह्याद्री. उतरताना म्हणाली, "पंख छान होता हो." लई लागलं ते.

चूक पहिली: नकाशा न बघणं. मुंबई आणि गोव्याचे विमानतळ सरळ रेघेने जोडून बघा. रेघ समुद्रावरून जात नाही, किनाऱ्याच्या जरा आतून जाते. गुहागरच्या तर साधारण दहा किलोमीटर पूर्वेकडून. म्हणजे किनारा, खाड्या, गावं, सगळं उजवीकडे, एफच्या खिडकीत. आणि दहा किलोमीटर लांब असणं चांगलंच. खिडकीतून पोटाखालचं दिसत नाही. विमान नऊ-दहा किलोमीटर उंचीवर असेल, तर तेवढ्याच अंतरावरची जागा पंचेचाळीस अंशांत खाली येते. मान आरामात वळते.

विमान काही अगदी रेघेवरून जात नाही. म्हणून फ्लाइटरडार२४ सारख्या अ‍ॅपवर त्याच फ्लाइटचे आधीच्या दिवसांचे मार्ग बघून घ्या.

चूक दुसरी: पंख. एअरबस ए३२० मध्ये साधारण नऊ-दहापासून विसाव्या ओळीपर्यंत खाली पंखच असतो. पुढच्या ओळी सगळ्यात भारी, पण बहुतेक वेळा जादा पैसे पडतात. पंचविशीच्या पुढे बसलात तरी चालेल, फक्त इंजिनाच्या गरम हवेमुळे काही कोनांतून फोटो थरथरल्यासारखा येतो. बोइंग ७३७ असेल तर अजून एक गंमत: पंखाच्या जरा पुढे डावीकडे एका सीटला खिडकीच नसते, कारण त्या भिंतीतून एसीची नळी वर जाते. खिडकीचे पैसे भरून भिंत बघत बसाल!

तिसरी गोष्ट, ऊन. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे गोव्याला जाताना डावीकडे. उजव्या खिडकीत डोळ्यावर ऊन नाही आणि किनारा उजेडात. संध्याकाळी उलट: एफला सूर्यास्त मिळेल, पण खालचं सगळं चमकून जाईल. पावसाळ्यात बहुतेक ढगच बघायची तयारी ठेवा.

मग ए घ्यायचीच नाही का? घ्या की! मुंबईहून विमान बरेचदा पश्चिमेला समुद्रावर उडतं आणि मग दक्षिणेसाठी डावीकडे वळतं. वळताना डावा पंख खाली झुकतो आणि ए-वाल्यांना मुंबई दिसते. शहर हवं तर ए, कोकण किनारा हवा तर एफ. परत येताना मात्र सगळं उलटं, किनारा ए-कडे.

शेवटची टिप: ऑफलाइन नकाशा आधीच डाउनलोड करा. फ्लाइट मोडमध्येही फोनचं जीपीएस चालतं, फक्त फोन खिडकीला धरायचा.

यंदा आईला पुन्हा नेलं. सकाळची फ्लाइट, २६एफ. दाभोळची खाडी आणि जयगडची खाडी, यांच्या मधला तुकडा म्हणजे गुहागर, एवढं मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. मी नकाशा उघडेपर्यंत तिने खिडकीवर बोट टेकवलं होतं. "ती बघ दाभोळची खाडी. आता गप्प बस जरा."

मी गप्प बसलो. तुम्हीही पुढचं तिकीट काढताना दोन मिनिटं नकाशा उघडा. भेटू पुढच्या भागात!