काजूबोंडांचा रस व हाताचे दाबयंत्र

कोकणात फाल्गुनापासून काजूबिया गोळा होतात. बोंडे मात्र बहुधा झाडाखालीच कुजतात. वस्तुतः त्यांत 'क' जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी अधिक असते. स्क्रूच्या दाबयंत्राने त्यांचा रस घरीच काढता येतो.

त्याच दिवशी गळलेली, न फुटलेली बोंडे धुऊन बिया वेगळ्या कराव्यात. फोडी फडक्यात बांधून यंत्रात ठेवाव्यात व दांडा सावकाश फिरवावा. रस वाहू लागताच थांबून, ओघ मंदावल्यावर पुन्हा दाब द्यावा. एकदम दाबल्यास फडके फाटते व रस गढूळ होतो. रसातील टॅनिनमुळे लोखंडाच्या संपर्काने रस काळवंडतो. म्हणून स्टेनलेस स्टीलची भांडी वापरावीत.

घशाची खवखवही टॅनिनमुळेच होते. ती घालविण्यासाठी दर लिटर रसास ५ ग्रॅम साबुदाण्याची पातळ खळ थंड करून मिसळावी. गाळ तळाशी बसल्यावर वरचा नितळ रस बाटल्यांत भरून, ८५ अंश सेल्सिअस तपमानाच्या पाण्यात २० मिनिटे ठेवावा व बुचे घट्ट बसवावीत.

विलंब झाल्यास रस आंबतो. अशाच आंबलेल्या रसापासून गोव्यात फेणी गाळतात. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये परवान्याशिवाय मद्य करणे हा गुन्हा आहे. म्हणून रस काढला त्याच दिवशी तापविणे अवश्य आहे.