गाडी बोलते, ते ऐका

बैलगाडी हाकणारा जुना माणूस बसल्याबसल्या सांगत असे, "वंगण सरलं." त्याने चाक काढून पाहिलेले नसे. नुसती कुरकुर ऐकून तो ओळखत असे. आता गावोगावी जीपगाड्या आल्या, मोटारी आल्या. पण कान देण्याची ती सवय बैलगाडीबरोबर मागे राहिली. मोटारीचे पुढचे चाक वाजू लागले, की आपण म्हणतो, "जुनी गाडी हाय, वाजनच."

असे म्हणून गप्प बसणे बरे नव्हे. का ते पाहू.

आमचा एक जुना विद्यार्थी मूर्तिजापूर-दर्यापूर बाजूला प्रवासी जीप चालवतो. एका बाजाराच्या दिवशी आम्ही त्याच्या शेजारी बसलो होतो. लहानसा खड्डा आला, की डावीकडे खालून 'टक्' असा आवाज येई. आम्ही विचारले, "बापू, हे काय वाजते?"

तो म्हणाला, "गुरुजी, दोन महिन्यांपासून वाजून राह्यलं. मिस्त्रीले दाखवलं. त्यानं पुढचे दोन्ही शॉकअप नवे टाकले. पैसे गेले, पण आवाज काही गेला नाही."

"मिस्त्रीने गाडी चालवून पाहिली काय?"

"पाहिली ना. हायवेवर नेली होती. तिथं त वाजतच नाही!"

मेख इथेच होती. अमरावती-अकोला हा आपला महामार्ग सर्वांना ठाऊक आहे. २०२२ साली जून महिन्याच्या ३ ते ७ तारखांना या रस्त्यावर लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा सलग डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला. त्याची नोंद गिनीजच्या विक्रमांत झाली. अशा सपाट रस्त्यावर चाक फारसे वरखाली होत नाही. मग सैल झालेला भागही गप्प बसतो.

गावाकडच्या रस्त्याचे तसे नाही. आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात. तिच्यावरचा रस्ताही मग उचलतो, खचतो. चाकाला सारखे गचके बसतात. जो आवाज खड्ड्यात येतो, तो खड्ड्यातच ऐकला पाहिजे. सपाट रस्त्यावर त्याचा शोध लागत नाही.

आम्ही त्याला म्हटले, "तुला लिहिता येते. चार दिवस नीट कान दे, आणि आवाज केव्हा येतो ते लिहून ठेव." त्याने तिकिटाच्या वहीच्या मागे असे लिहिले:

'डावीकडे. हळू चालताना, लहान खड्ड्यात. एकदाच टक् होते. ब्रेक दाबल्यावर नाही. स्टेअरिंग थोडे सैल लागते. डावा टायर एका कडेने झिजला.'

ही वही घेऊन आम्ही दोघे मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्रीने ती दोनदा वाचली. मग तो स्वतः गाडी घेऊन खराब गल्लीतून हळू फिरला. परत येऊन त्याने जॅक लावला, खाली पक्के लाकडी ठोकळे दिले आणि डावे चाक वर व खाली असे दोन हातांनी धरून हलवले. चाक डुगडुगले. 'टक्' असा तोच आवाज आला!

बिघाड बॉल जॉइंटमध्ये होता. बॉल जॉइंट म्हणजे काय? आपला खुब्याचा सांधा आठवा. हाडाचे गोल डोके वाटीत बसते, म्हणून पाय सगळीकडे फिरतो. तसाच हा लोखंडी सांधा. त्यामुळे पुढचे चाक वरखालीही होते आणि डावीउजवीकडेही वळते. सांध्यात वंगण असते. वरून रबराची टोपी असते. ती टोपी फाटली, की चिखलपाणी आत शिरते, वंगण जाते आणि गोळा व वाटी एकमेकांना खातात.

मिस्त्रीने जुना सांधा काढून आमच्या हातावर ठेवला. गोळा वाटीत खुळखुळत होता. तो म्हणाला, "गुरुजी, हा वाटीतून निसटला असता, त चाक बाहेर कलंडलं असतं. गाडी बसली असती. मंग स्टेअरिंग फिरवून काय उपेग?"

आम्ही काही बोललो नाही. त्या बाजाराच्या दिवशी जीपमध्ये नऊ माणसे होती. दोन लेकरे होती.

नवा सांधा त्या दोन शॉकअपपेक्षा स्वस्तात पडला.

आता आवाज कसा ओळखावा ते सांगतो. आवाज कसा आहे, यापेक्षा तो केव्हा येतो याकडे जास्त लक्ष द्या.

१. खड्ड्यात येणारा आवाज : 'टक्' किंवा 'धाड' असा आवाज आला, तर बॉल जॉइंट, शॉकअप किंवा जोडावरचे रबरी बुश यांवर संशय घ्यावा. गाडी उभी करून पुढचा कोपरा दोन्ही हातांनी जोराने दाबा आणि सोडा. गाडी वर येऊन लगेच स्थिर झाली, तर शॉकअप बहुधा ठीक आहे. ती झोक्यासारखी हलत राहिली, तर तो निकामी होत आला आहे. दाबताना कुरकुर झाली, तर बुश झिजले किंवा वाळले असावेत.

२. वळताना येणारा आवाज : काही गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. अशी गाडी पूर्ण वळवून पुढे नेताना 'कट् कट् कट्' असे वाजले, तर चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा झिजला असे समजावे. त्याला सी. व्ही. जॉइंट म्हणतात. स्टेअरिंग फिरवताना 'ऊं' असा कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला, तर पॉवर स्टेअरिंगचे तेल पाहावे. शेवटापर्यंत वळवून धरल्यास थोडा आवाज येतोच. म्हणून तसे फार वेळ धरून ठेवू नये.

३. वेगाबरोबर वाढणारी घरघर : हे काम बहुधा चाकाच्या बेअरिंगचे. गाडी डावीकडे वळते, तेव्हा भार उजव्या चाकांवर येतो. त्या वेळी घरघर वाढली, तर उजवे बेअरिंग तपासावे. उजवीकडे वळताना वाढली, तर डावे. पण रस्ता बदलला की आवाजही बदलत असेल, तर तो टायरचा असू शकतो.

४. ब्रेक दाबल्यावर येणारा आवाज : किंचाळल्यासारखा आवाज आला, तर ब्रेकचे पॅड झिजले असतील. ब्रेक लावताना एकदाच 'टक्' झाले, तर पुढचा एखादा बुश किंवा ब्रेकचाच भाग सैल असेल.

५. स्टेअरिंग सैल लागणे : स्टेअरिंग थोडे फिरवूनही चाक हलत नाही, मध्येच 'टक्' होते. अशा वेळी टाय रॉडची टोके पाहावी. टाय रॉड म्हणजे चाकांना वळवणारा दांडा. त्याच्या टोकालाही गोळा आणि वाटीच असते. जॅकवरचे चाक डावीउजवीकडे धरून हलवले, की ही सैल टोके कळतात. वरखाली धरून हलवले, की बॉल जॉइंट किंवा बेअरिंग कळते.

मात्र एक लक्षात ठेवा. आवाज लोखंडातून पळतो. डावीकडचा आवाज उजवीकडून आल्यासारखा वाटतो. म्हणून कानावर विसंबून एकदम नवे सामान घेऊ नका. आधी सोपे पाहा. सीटखालचा जॅक किंवा पाना तर वाजत नाही ना? टायरच्या खाचेत खडा अडकला नाही ना? चाकाचे नट घट्ट आहेत ना? आमच्या शेजाऱ्याची गाडी आठ दिवस खडखडत होती. शेवटी सीटखाली विळा निघाला!

नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. जॅक घसरला, तर माणूस दबतो. गाडी सपाट जागी लावावी, बाकीच्या चाकांना दगड लावावे आणि खाली पक्का आधार द्यावा. तेवढे साधन नसेल, तर हे काम मिस्त्रीवर सोडावे.

आणि पुढील गोष्टी दिसल्या, तर गाडी तिथेच थांबवावी: स्टेअरिंग एकाएकी सैल किंवा जड झाले; चाक तिरपे दिसू लागले; नट ढिले निघाले; लहान आवाज एकदम मोठा झाला. "आता घर जवळच आलं," असे म्हणून पुढे नेऊ नये. ओढून नेण्याचे भाडे जिवापेक्षा महाग नाही.

पुढचा सांधा किंवा टाय रॉडचे टोक बदलल्यावर चाकांची सरळ रेघ तपासून घ्यावी. याला अलाइनमेंट म्हणतात. ते केले नाही, तर नवे टायर एका कडेने झिजतात.

मिस्त्रीकडे जाऊन नुसते "गाडी वाजते" असे सांगू नका. वैद्याला आपण नुसते "दुखते" म्हणतो काय? कुठे दुखते, कधीपासून, काय केल्यावर, हे सांगतो. गाडीचेही तसेच. चार गोष्टी लिहून न्या: आवाज केव्हा येतो, कोणत्या बाजूने येतो, कसा येतो, कधीपासून येतो. आणि जिथे तो येतो, त्याच रस्त्यावर मिस्त्रीला घेऊन जा.

आमचा विद्यार्थी आता रोज सकाळी गाडी काढताना पहिल्या खड्ड्यापर्यंत गाणे लावत नाही. आम्ही विचारले, "काऊन रे?"

तो हसून म्हणाला, "आधी ते काय म्हणते ते ऐकतो, गुरुजी. मंग गाणं."