बर्फावरची गाडी आणि टायरची निवड

कॅनडातील टोरांटो आणि त्याच्या परिसरात आज अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झालेली आहेत. बँकेच्या ग्राहकांपैकी कितीतरी जणांची मुले-मुली तिकडे नोकरी करतात. नातवंडांच्या ओढीने आईवडील वर्षातून काही महिने तेथे जाऊन राहतात. नोव्हेंबर उजाडला की अशा घरांतून एक प्रश्न हमखास निघतो. गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे, टायर ऑल-सीझन आहेत, विक्रेत्याने बर्फाची काळजी करू नका असे सांगितले आहे; मग हिवाळ्यासाठी वेगळ्या टायरांवर हजार-दीड हजार डॉलर कशासाठी खर्च करावयाचे?

प्रश्न रास्त आहे. लगतच्या क्वेबेक प्रांतात त्याचे उत्तर कायद्यानेच दिलेले आहे. २००८ सालापासून तेथे मोटारगाड्यांना हिवाळी टायर सक्तीचे झाले, आणि २०१९ पासून ही सक्ती १ डिसेंबर ते १५ मार्च अशी आहे. गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह असल्याने त्यातून सूट मिळत नाही. ओंटारिओ प्रांतात, म्हणजे टोरांटोमध्ये, अशी सक्ती नाही. निर्णय मालकाच्या विवेकावर सोपविलेला आहे, आणि म्हणूनच तो समजून घेऊन करावयास हवा.

चारही चाकांना शक्ती मिळाल्याने काय साधते?

साध्या गाडीत इंजिनाची शक्ती पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांकडे जाते. ती दोन चाके बर्फावर असली की जागच्या जागी गरगर फिरतात आणि गाडी हलत नाही. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत ही शक्ती चारही चाकांत वाटली जाते. ज्या चाकाखाली पकड आहे, ते गाडी पुढे नेते. जपानच्या सुबारू कंपनीने १९७२ मध्ये लिओने या गाडीत ही व्यवस्था आणली, १९८० मध्ये आउडी क्वात्रो आली, आणि पुढे ती सामान्य कुटुंबाच्या गाडीपर्यंत पोहोचली. घरासमोरच्या बर्फाच्छादित चढावरून गाडी बाहेर काढावयाची असेल तर हिच्यासारखी सोय नाही.

परंतु ही सारी व्यवस्था गाडी पुढे नेण्यापुरती आहे. ब्रेक दाबला की इंजिनाच्या शक्तीचा प्रश्न मागे पडतो. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. लहानशा स्वस्त गाडीलाही असतात. गाडी किती अंतरात थांबेल, हे टायरचे रबर आणि त्याखालचा रस्ता यांच्यातील पकडीवर ठरते. वळणावरही सामान्यतः तेच.

थोडे गणित करून पाहता येईल. दाबलेल्या बर्फावर एका गाडीच्या टायरांचा घर्षणांक ०.३ आहे आणि दुसरीचा ०.२, असे समजू. दोन्ही गाड्या ताशी ५० किलोमीटर वेगाने येत आहेत आणि दोघांनी एकाच क्षणी ब्रेक दाबला. पहिली सुमारे ३३ मीटरवर थांबते. दुसरीला ४९ मीटर लागतात. सोळा मीटरचा फरक कागदावर फारसा वाटत नाही. मात्र पहिली गाडी जेथे स्थिर उभी राहिली, त्या ठिकाणी दुसरी गाडी अजून ताशी २९ किलोमीटर वेगाने घसरत असते. रस्ता ओलांडणारे मूल किंवा सिग्नलला थांबलेली गाडी त्या सोळा मीटरांत असू शकते.

येथे एक विपरीत गोष्ट घडते. दोन चाकांची गाडी सकाळी निघतानाच कुरकुर करते. चाके जागीच फिरतात आणि आज रस्ता निसरडा आहे हे चालकाला दारातच कळते. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी मात्र काही न दर्शविता सुरळीत निघते व वेग घेते. रस्त्याची खरी अवस्था चालकाला प्रथम समजते ती लाल दिव्यापाशी, ब्रेक दाबल्यावर.

रबराचा स्वभाव

पुण्या-नाशिकच्या थंडीत खोबरेल तेल बाटलीतच थिजते, तिळाचे तेल मात्र वाहते राहते. दोन्ही तेलेच, पण थंडी सोसण्याचा गुण वेगळा. टायरच्या रबराचेही असेच आहे. ऑल-सीझन टायरचे रबर उन्हाळ्यातील तापलेल्या रस्त्यावर लवकर झिजू नये अशा बेताने केलेले असते. तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागले की ते क्रमाने कडक होते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागाला बिलगेनासे होते. हिवाळी टायरच्या रबरातील सिलिका व इतर घटकांचे मिश्रण असे असते की ते शून्याखालीही मऊ राहते. म्हणूनच बर्फाचा कणही नसलेल्या, पण गारठलेल्या रस्त्यावरसुद्धा त्याचा उपयोग असतो. टोरांटोत डिसेंबर ते मार्च या काळात बहुतेक दिवस पारा या सात अंशांच्या खालीच असतो.

दुसरा फरक नक्षीचा. हिवाळी टायरच्या खाचा अधिक खोल असतात आणि प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने चिरा द्याव्यात तशा असंख्य बारीक चिरा असतात. चाक फिरताना या चिरा उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. खाचांत बर्फ दाबून बसतो, आणि हा बसलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. बर्फाचा गोळा करताना बर्फ बर्फाला चिकटतो, तोच हा गुण. प्रथमच पाहणाऱ्याला टायरमध्ये बर्फ अडकलेला दिसला की तो टायर निकामी झाला असे वाटते. वस्तुतः तो आपले काम करीत असतो.

हिवाळी टायर ही फिनलंडची देणगी. आज नोकियन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील कंपनीने १९३४ मध्ये ट्रकसाठी आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी असा टायर काढला. ऑल-सीझन टायर अमेरिकेत गुडइयरने १९७७ मध्ये ‘टिएम्पो’ या नावाने लोकप्रिय केला. वर्षातून दोनदा टायर बदलण्याची कटकट नको, हा त्यामागील हेतू होता, आणि सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशात तो सफलही झाला. ‘सर्व ऋतू’ या शब्दांत कॅनडाचा जानेवारी गृहीत धरणे मात्र धाडसाचे आहे.

टायरवरील खुणा

खरेदीच्या वेळी टायरच्या बाजूवर दोन खुणा पाहाव्यात. ‘एम + एस’ म्हणजे चिखल व बर्फ. ही खूण केवळ नक्षीतील खाचांच्या प्रमाणावर व मांडणीवर दिली जाते. त्यासाठी बर्फावरील चाचणी आवश्यक नसते. बहुतेक ऑल-सीझन टायरांवर ती असतेच, आणि नेमकी तीच पाहून अनेकांचा गैरसमज होतो. दुसरी खूण तीन शिखरांच्या पर्वतात हिमकण अशी आहे. १९९९ पासून प्रचारात आलेली ही खूण मिळण्यासाठी टायरला दाबलेल्या बर्फावर प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागते आणि प्रमाणभूत टायरपेक्षा किमान दहा टक्के अधिक पकड सिद्ध करावी लागते. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळ्यातील रस्त्यांसाठी केवळ हीच खूण ग्राह्य आहे. ‘एम + एस’ एकट्याने चालत नाही.

तरीही या खुणेची मर्यादा ध्यानात ठेवावी. ही चाचणी पुढे जाण्याच्या पकडीची आहे. गोठलेल्या गुळगुळीत हिमावर गाडी किती अंतरात थांबेल, हे ती सांगत नाही. खूण असलेले सर्व टायर सारखेच, असा निष्कर्ष त्यातून काढता येणार नाही.

या दोहोंमध्ये एक तिसरा प्रकार अलीकडे रुळला आहे. उत्तर अमेरिकेत त्याला ‘ऑल-वेदर’ म्हणतात. नाव फसवे असले तरी हा ऑल-सीझन नव्हे. याच्यावर पर्वत-हिमकणाची खूण असते आणि तो बाराही महिने चालतो. मिशलँ कंपनीचा २०१५ मध्ये आलेला ‘क्रॉसक्लायमेट’ हा त्याचा परिचित नमुना. ज्यांचे वास्तव्य सदनिकेत आहे आणि टायरचा दुसरा संच ठेवावयास जागा नाही, किंवा ज्यांचे गाडी चालविणे शहरापुरते आणि थोडे आहे, त्यांच्यासाठी हा पर्याय समाधानकारक आहे. उत्तरेकडील गोठलेल्या महामार्गावरून रोज ये-जा करणाऱ्याने मात्र अस्सल हिवाळी टायरच घ्यावेत.

खर्चाचा ताळेबंद

मुदत ठेवीवरील पाव टक्क्याच्या फरकासाठी चार शाखांत चौकशी करणारी व्यक्ती टायरच्या बाबतीत मात्र फक्त आजचे बिल पाहते. येथे थोडा हिशेब करावयास हवा. पुढील आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या गाडीचे आकडे घालून पाहावेत.

ऑल-सीझन टायरांचा संच ९०० डॉलरचा असून तो वर्षभर वापरल्यास चार वर्षे टिकतो, असे समजू. म्हणजे वर्षाला २२५ डॉलर. आता हिवाळी संच १,००० डॉलरचा आणि त्यासाठी वेगळ्या लोखंडी रिम ४०० डॉलरच्या घेतल्या. हिवाळी टायर पाच महिने आणि ऑल-सीझन सात महिने चालणार. त्यामुळे ऑल-सीझन संच जवळजवळ सात वर्षे पुरेल व त्याचा वार्षिक भार १३१ डॉलरवर येईल. हिवाळी टायर झिजण्यापूर्वीच रबराच्या वयाने कडक होतात, म्हणून त्यांचे आयुष्य सहा हिवाळे धरले तर वर्षाला १६७ डॉलर, रिमचे ६७, वर्षातून दोनदा बदलण्याची मजुरी १०० डॉलर. एकूण ४६५ डॉलर. अर्थात प्रत्यक्ष जादा भार वर्षाला २४० डॉलर, महिन्याला वीस.

ओंटारिओत १ जानेवारी २०१६ पासून हिवाळी टायर लावणाऱ्यास विमा हप्त्यात सवलत देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. दर कंपनीगणिक बदलतो; २,००० डॉलरच्या हप्त्यावर पाच टक्के मिळाले, तरी १०० डॉलर वाचतात आणि भार १४० वर येतो. ही सवलत मागावी लागते, ही गोष्ट पुष्कळांच्या गावीही नसते.

ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत आणखी एक पथ्य आहे. चारही टायर एकाच प्रकारचे आणि जवळजवळ सारखेच झिजलेले असावे लागतात. झिजेत फरक असला की चाकांचा घेर बदलतो, ती कमी-अधिक वेगाने फिरतात आणि शक्तिवाटप करणाऱ्या यंत्रणेवर सतत ताण येतो. खोलीतील फरक साधारणतः दीड मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा. नेमकी मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत असते. त्यामुळे काटकसर म्हणून दोनच हिवाळी टायर बसविणे येथे दुहेरी चूक ठरते. यंत्रणेचे नुकसान तर होतेच; शिवाय फक्त पुढची चाके धरू लागली की वळणावर गाडीचा मागचा भाग भेलकांडतो.

नवी गाडी घेण्याच्या बेतात असलेल्या कुटुंबाने तर हा विचार कर्ज घेण्यापूर्वीच करावा. अंदाजपत्रकात ऑल-व्हील-ड्राइव्ह किंवा हिवाळी टायर यांपैकी एकच बसत असेल, तर साधी पुढच्या चाकांनी चालणारी गाडी आणि चांगले हिवाळी टायर ही जोडी अधिक सुरक्षित आहे. दोन्ही परवडल्यास उत्तमच. व्हँकुव्हर शहरासारख्या सौम्य, पावसाळी हिवाळ्याच्या ठिकाणी, किंवा बर्फाच्या दिवशी घरूनच काम करण्याची मुभा असलेल्यास, ऑल-सीझनवर भागू शकते. तथापि तेथूनही डोंगरांकडे जावयाचे तर ब्रिटिश कोलंबियातील बहुतेक डोंगरी मार्गांवर १ ऑक्टोबरपासून हिवाळ्याच्या नियमात बसणारे टायर लागतात.

हा प्रश्न केवळ परदेशस्थांचा नाही. हिमाचलात अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाल्यापासून मनालीहून लाहौलला हिवाळ्यात जाणाऱ्यांची गर्दी वाढली आहे. बर्फ पडला की पोलीस पुष्कळदा केवळ फोर-बाय-फोर गाड्यांनाच पुढे सोडतात, आणि प्रवासी तेवढ्यावरच निर्धास्त होतात. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या टप्प्यात सुमारे हजार वाहने बर्फात अडकून पडली होती. आपल्याकडील बहुतेक गाड्यांचे टायर उष्ण हवामानासाठीच असतात. अशा वेळी टायरला साखळ्या लावाव्यात, उतारावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच राहावे, आणि स्थानिक चालकाने परत फिरण्यास सांगितले तर परत फिरावे.

टायर घेताना बाजूवरील चार अंकी आकडाही वाचावा. ३५२५ म्हणजे २०२५ सालातील ३५वा आठवडा. जुना साठा सवलतीत मिळत असेल तर तो कशामुळे हे त्यावरून कळते. बर्फासाठी नक्षीची खोली चार मिलिमीटरपेक्षा कमी झाली की हिवाळी टायरही बदलावा. ऑस्ट्रियात तर ही कायद्याचीच मर्यादा आहे. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधील हवेचा दाब साधारण एक पौंडाने घटतो, म्हणून हिवाळ्यात तो महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना तपासावा. आणि टायर बदलल्यावर ऐंशी ते शंभर किलोमीटर गाडी चालली की चाकांचे नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.