गोदामाच्या छपराची पावसाळ्यापूर्वीची निगा

सहकारी सोसायटीच्या गोदामात धान्य भिजते, ते बहुधा पत्रा फुटल्याने नव्हे, तर बोल्टाभोवतीच्या बारीक छिद्रांतून. यास्तव मृगापूर्वी, वैशाखातच छप्पर तपासावे. भर दुपारी दारे लावून आत उभे राहिले असता कवडसे छिद्रे आपोआप दाखवितात. ती कितव्या पत्र्यावर आहेत हे टिपून घ्यावे. हूक-बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावरच असावा. खोलगट भागातून पाणी वाहते व तेथील छिद्रातून झिरपते. झिजलेले वायसर बदलावेत. नुसते डांबर फासणे ही तात्पुरतीच सोय होय. अॅस्बेस्टॉस सिमेंटचा जुना पत्रा भाराने एकाएकी तुटतो, म्हणून त्यावर पाय देऊ नये. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असल्याने तो घासू वा कापूही नये. वळचणीची पन्हळ पाल्याने तुंबल्यास पाणी उलटून भिंतीत मुरते आणि लगतच्या थप्पीस बुरशी धरते.