काचेवरचा अदृश्य पापुद्रा

पुण्याच्या पश्चिमेस असलेलें हिंजवडी हें गांव आज शेतीपेक्षां संगणकाच्या कचेऱ्यांसाठीं अधिक ओळखलें जातें. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें येथें वसविलेल्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्यें रोज हजारों माणसें येतात आणि दिवसभर काचेशीं व्यवहार करितात. खिशांतल्या मोबाइलच्या काचेला बोट लागतांच यंत्र जागें होतें. साधी काच वीज वाहून नेत नाहीं, हें शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. मग बोट कोठें टेकलें हें यंत्रास कळतें कसें?

त्या काचेच्या पोटाशीं धातूच्या ऑक्साइडचा एक पापुद्रा बसविलेला असतो. त्याची जाडी बहुधा शंभर-दोनशें नॅनोमीटरच्या आसपास असते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाचा केस या पापुद्र्याच्या शेंकडों पट जाड भरेल. ऑक्साइड म्हणजे धातूचा प्राणवायूशीं झालेला संयोग. लोखंडाचा गंज हें त्याचें घरोघरचें उदाहरण, आणि वैद्यांचें जसदभस्म हें मुख्यतः जस्ताचें ऑक्साइडच होय. अशा भस्मवजा पदार्थांतून प्रकाशहि पार जावा आणि वीजहि वाहावी, हें प्रथम ऐकणाऱ्यास खरें वाटत नाहीं. धातु वीज वाहतात पण प्रकाश अडवितात. काच प्रकाशास वाट देते पण विजेस देत नाहीं. दोन्ही गुण एकत्र नांदूं शकतात हें 1907 सालीं कार्ल बेडेकर या जर्मन शास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दिसून आलें. प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकांमुळें ज्या घराण्याचें नांव जगभर झालें त्याच घराण्यांतील हा पुरुष. कॅडमियम धातूचा पातळ थर त्यानें हवेंत तापविला, तेव्हां तो पारदर्शक झाला आणि तरीहि वीज वाहत राहिला. 1914 च्या महायुद्धांत लिएज येथें बेडेकर मारला गेला. आपल्या शोधाचें पुढें काय झालें तें त्यास पाहावयास मिळालें नाहीं.

आजच्या पडद्यांवरील पापुद्रा इंडियमच्या ऑक्साइडचा असतो. त्यांत वजनानें सुमारें 90 भाग इंडियम ऑक्साइड आणि 10 भाग कथलाचें ऑक्साइड असतें. अडचण येथेंच आहे. इंडियम हा दुर्मिळ धातु असून मुख्यतः जस्त शुद्ध करतांना उपफळ म्हणून हातीं येतो. पडद्यांची मागणी वाढली म्हणून इंडियम तितकेंच अधिक काढतां येईल असें नाहीं. तें जस्ताच्या धंद्यावर अवलंबून राहतें. स्वस्त व मुबलक धातूच्या ऑक्साइडकडून हेंच काम करून घेतां येईल काय, या प्रश्नाचें महत्त्व यांत आहे.

एक उत्तर कोल्हापुरास पाहावयास मिळतें. तेथील शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागांत अशा पापुद्र्यांवर गेलीं कित्येक दशकें काम चाललें आहे, आणि प्रा. पी. एस. पाटील यांनीं फवारणीच्या पद्धतीवर 1999 सालीं लिहिलेला आढावा देशोदेशींच्या संशोधकांनीं आधारास घेतला आहे. कृति दिसावयास अगदीं सोपी आहे. कथलाच्या क्लोराइडच्या द्रावणांत थोडें अमोनियम फ्लुओराइड मिसळावयाचें आणि चारशें ते पांचशें अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलेल्या काचेवर त्याचे बारीक तुषार सोडावयाचे. तुषार काचेजवळ पोंचतांच द्रव उडून जातो, क्षार फुटतो आणि कथलाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म स्फटिक काचेस घट्ट धरून वाढतात. पाऊस पडल्यावर रस्त्यावरील तेलाच्या तवंगावर जसे रंग खेळतात तसे रंग थर वाढतांना दिसतात. सरावलेल्या डोळ्यास त्यांवरून जाडीचा अंदाज येतो. ताप कमी पडला तर क्षार अर्धवट फुटतो. फार झाला तर थेंब वाटेंतच सुकतो आणि काचेवर नुसती भुकटी बसते. महागड्या निर्वात पात्राची गरज नसलेली ही पद्धति आपल्याकडील विद्यापीठांनीं आपलीशी केली, यांत नवल नाहीं.

परंतु कांहीं ऑक्साइडांच्या बाबतींत थर बसविणें पुरेसें होत नाहीं; त्यांतील अणु कोणत्या रचनेंत बसले यावर सारें अवलंबून असतें. पांढऱ्या रंगांत वापरलें जाणारें टायटॅनियमचें ऑक्साइड घ्यावें. त्याचीं रुटाइल व ॲनाटेज अशीं दोन स्फटिकरूपें प्रसिद्ध आहेत. धातु तोच, प्राणवायु तोच, प्रमाणहि तेंच. यांपैकीं रुटाइल हें स्थिर रूप. ॲनाटेजची भुकटी साधारणपणें सहाशें-सातशें अंशांपुढें तापवीत गेल्यास ती रुटाइल बनूं लागते आणि थंड केल्यावर पुनः ॲनाटेज होत नाहीं. नेमकें हें अस्थिर रूपच उपयोगाचें ठरलें. ॲनाटेजमध्यें थोडें नायोबियम मिसळल्यास पारदर्शक व उत्तम वीजवाहक थर मिळतो, असें 2005 सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं दाखविलें. अमेरिकेंतील मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनीं 2007 मध्यें दोन्ही रूपें शेजारीं ठेवून पाहिलीं. नायोबियम घातलेलें ॲनाटेज धातूसारखें वीज वाहतें, तर रुटाइल विजेस भारी विरोध करितें. या संशोधकांत डॉ. सतीशचंद्र ओगले होते. पुणें विद्यापीठांत त्यांनीं अनेक वर्षें संशोधन व अध्यापन केलें होतें, आणि पुढें पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व आयसर या संस्थांतूनहि त्यांनीं काम केलें. (काच आणि ओगले हीं नांवें एकत्र ऐकून कोणास ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची आठवण झाली तर तीहि गैर नव्हे.)

अस्थिर रूपास स्थिर कसें करावयाचें? याची युक्ति ठिपक्यांच्या रांगोळींत आहे. ठिपके जसे पडले असतील तशीच आकृति उमटते. ज्या स्फटिकावर थर वाढवावयाचा त्याचे अणु हे ठिपके होत. लँथॅनम ॲल्युमिनेटच्या स्फटिकांत अणूंच्या घराची बाजू 0.379 नॅनोमीटर आहे, आणि ॲनाटेजची सुमारें 0.378. मापें इतकीं जुळल्यामुळें वर येऊन बसणारे अणु ॲनाटेजचीच रांग धरितात, आणि ज्या तापांत सुटी भुकटी रूप पालटूं लागते त्या तापांतहि ती सोडीत नाहींत. खालच्या स्फटिकाच्या धोरणानें वरचा स्फटिक वाढण्याच्या या क्रियेस 1928 सालीं रॉयर या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञानें ‘एपिटॅक्सी’ असें नांव दिलें. यासाठीं निर्वात पात्रांत ऑक्साइडच्या वडीवर लेसर किरणांचे क्षणिक झोत सोडितात. प्रत्येक झोताबरोबर वडीचा अंशमात्र भाग तेजस्वी ज्योतीच्या रूपानें उडून समोरच्या तापलेल्या स्फटिकावर जाऊन बसतो. पात्रांत प्राणवायु किती ठेवावा हा नाजूक प्रश्न. तो कमी पडला कीं स्फटिकांत प्राणवायूच्या जागा रिकाम्या राहतात आणि थर काळवंडतो; जास्त झाला कीं विजेची वाट मंदावते.

मात्र पडदा काचेचा असतो, आणि काचेच्या अणूंस रांगच नसते; तेथें ठिपके कोठून आणावयाचे? यावर जपानी संशोधकांनीं निराळी वाट काढली. त्यांनीं काचेवर आधीं रचनाहीन थर बसविला आणि मग तो हायड्रोजनमध्यें तापवून ॲनाटेजचे स्फटिक थरांतच वाढविले. हा ताप काच सोसते, परंतु लवचीक पडद्यांसाठीं लागणारें साधें प्लॅस्टिक सोसत नाहीं. इंडियमचा थर मात्र बराच थंड असतांनाहि चांगला बसतो. म्हणून हिंजवडींतील बोटें अद्याप मुख्यतः इंडियमवरच टेकत आहेत.