दोन कॅसेटी, एक वाद

जुन्या संगणकांचे आणि व्हिडिओ गेमचे शौकीन जमले की यंत्रांची मापे काढली जातात. कोणाचा प्रोसेसर वेगवान, कोणाची मेमरी मोठी, कोणाचे रंग जास्त. माळशिरस तालुक्यातल्या आमच्या श्रीपुरात, साखर कारखान्याच्या गावात, नव्वदच्या दशकात हाच वाद होता. फक्त इथे त्याचा निकाल लावणारी तिसरी पार्टी होती, ती म्हणजे वीज.

वादातले एक यंत्र म्हणजे स्पेक्ट्रम. सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने ते १९८२ साली ब्रिटनमध्ये आणले. पुढे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याची 'स्पेक्ट्रम प्लस' ही आवृत्ती भारतात विकली. दुसरे यंत्र निन्टेन्डोच्या १९८३च्या जपानी 'फॅमिकॉम'च्या घडणीचे. आपल्या बाजारात ते 'समुराई', 'लिटल मास्टर' अशा नावांनी मिळे. दोन्हींच्या खेळांना आम्ही 'कॅसेट'च म्हणायचो. स्पेक्ट्रमची कॅसेट खरोखर गाण्याची ऑडिओ कॅसेट होती. गेमची कॅसेट म्हणजे आत चिप असलेली प्लास्टिकची डबी.

कागदावर स्पेक्ट्रम सरस दिसतो. त्याची मेमरी ४८ केबी आणि प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झचा. फॅमिकॉमची कामाची मेमरी अवघी २ केबी आणि वेग १.७९ मेगाहर्ट्झ. तरी मारिओ पळताना मागचे ढग मऊसूत सरकत आणि स्पेक्ट्रमवर तेच दृश्य अडखळत जाई. असे का? स्पेक्ट्रममध्ये चित्र हलवण्याचे कामही मुख्य प्रोसेसरच्याच गळ्यात. पडद्यावरचे चित्र ६,१४४ बाइटचे. ते नेहमीच्या पद्धतीने उचलून नव्या जागी मांडायला सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून जास्त वेळ लागतो, आणि पडदा तर तेवढ्यात एकदा नव्याने रंगतो. फॅमिकॉममध्ये चित्रासाठी वेगळी चिप आहे. तिच्यापुढे ८ बाय ८ ठिपक्यांच्या फरशा मांडलेल्या असतात. एक आकडा बदलला की सगळी फरसबंदी सरकते. शिवाय खेळ आणि बहुतेक वेळा चित्रेही डबीतल्या चिपमध्येच राहतात, त्यामुळे २ केबीची ४८ शी तुलना करणेच चुकीचे. स्पेक्ट्रमच्या प्रत्येक ८ बाय ८ च्या चौकोनात दोनच रंग मावत. हिरवा राक्षस लाल भिंतीजवळून गेला की रंग एकमेकांना लागत. काही शौकिनांना आज तेच गोड वाटते. मला तेव्हाही वाटले नाही.

आता विजेकडे येतो. स्पेक्ट्रमचा मोठा खेळ टेपवरून चढायला साधारण पाच मिनिटे लागत. ती कर्कश किंकाळी ऐकत बसायचे आणि शेवटच्या मिनिटाला लाइट गेली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. डबीवाला खेळ मात्र लाइट आल्याबरोबर सुरू. भारनियमनाच्या गावात हा फरक मेगाहर्ट्झपेक्षा मोठा होता आणि माझ्या मते आमच्याकडे गेम जिंकला तो यावरच. (डबीत फुंकर मारण्याचा आमचा उपाय मात्र व्यर्थ होता. ती काढून पुन्हा बसवताना पिना घासल्या जात, गुण त्याचा. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट पिना गंजत.)

पण स्पेक्ट्रम चालू केला की पडद्यावर खेळ नसे, बेसिक भाषा वाट पाहत असे. दोन ओळी लिहून आपले नाव पडद्यावर शंभरदा उमटवता येई. पुण्याच्या नातेवाइकांकडून आमच्या घरी आलेल्या स्पेक्ट्रमवर मी पहिल्यांदा यंत्राला काही सांगितले. गेमला फक्त बटणे दाबता येत.

आज तो स्पेक्ट्रम ट्रंकेत आहे. कळांखालचा प्लास्टिकचा पापुद्रा वाळून तडकला आहे, पण तसा नवा मिळतो. आतल्या मुख्य चिपांवर नंबर छापलेले आहेत, त्यामुळे बिघाड शोधता येतो. शेजारीच एक स्वस्तातली डबी आहे. ती उघडली तर हिरव्या पट्टीवर डांबरासारखा काळा ठिपका दिसतो. त्यावर नंबर नाही, नाव नाही.