कमी टक्के आणि कला महाविद्यालय : खानदेशातील समज आणि प्रत्यक्ष नियम

कला महाविद्यालयाच्या प्रवेशाबद्दल जळगाव-धुळ्याकडे दोन समजुती सारख्याच जोरात ऐकू येतात. ‘बारावीला टक्के कमी पडले, आता चांगलं कॉलेज विसरा’ ही एक. ‘टक्के कमी आहेत ना, मग आर्टला टाका, तिथं मार्क विचारत नाहीत’ ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत. पहिलीमुळे हात चांगला असलेली मुले अर्जच भरत नाहीत. दुसरीमुळे मुले वर्षभर तयारी करतात आणि ऐन कागदपत्रांच्या पडताळणीत अपात्र ठरतात.

घोळाची सुरुवात शब्दापासूनच होते. खानदेशात ‘आर्ट्स कॉलेज’ म्हटले की मराठी, इतिहास, राज्यशास्त्र शिकवणारे बी.ए.चे महाविद्यालय डोळ्यांसमोर येते. चित्र, शिल्प आणि उपयोजित कला शिकवणाऱ्या महाविद्यालयाची पदवी वेगळी. तिला बी.एफ.ए. म्हणतात आणि ती चार वर्षांची असते. अकरावी-बारावीची कला शाखा आणि ही पदवी यांचा संबंध केवळ नावापुरता आहे. बारावी विज्ञान किंवा वाणिज्य शाखेतून झालेला विद्यार्थीही बी.एफ.ए.ला तितकाच पात्र असतो. ‘सायन्स घेतलं, आता चित्रकलेचा रस्ता बंद’ या समजुतीला नियमांत कुठेही आधार नाही.

पात्रतेचा आकडा मात्र आहे आणि तो टाळता येत नाही. महाराष्ट्रात बी.एफ.ए.साठी बारावीला इंग्रजी विषयासह किमान ४५ टक्के गुण लागतात. राज्यातील मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवारांसाठी ही अट ४० टक्के आहे. त्याखेरीज राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची बी.एफ.ए.साठीची सीईटी द्यावी लागते आणि तीत शून्याहून अधिक गुण असावे लागतात. बारावी ६०० गुणांची धरली, तर ४५ टक्के म्हणजे २७० आणि ४० टक्के म्हणजे २४०. उत्तीर्ण होण्यासाठी मात्र प्रत्येक विषयात ३५, म्हणजे एकूण २१० गुण पुरतात. ‘पास’ आणि ‘पात्र’ यांच्यामध्ये खुल्या प्रवर्गासाठी हे ६० गुणांचे अंतर आहे. ‘पास झालं की झालं’ असे मानणारे नेमके इथे अडखळतात. ४० टक्क्यांच्या सवलतीबाबतही सावध राहावे लागते. ती जातीच्या नुसत्या उल्लेखावर मिळत नाही, त्यासाठी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत मागितलेली प्रमाणपत्रे वेळेत हातात असावी लागतात.

हा उंबरठा एकदा ओलांडला की बारावीच्या टक्क्यांचे महत्त्व जवळपास संपते. गुणवत्ता यादी सीईटीच्या गुणांवर लागते. ४७ टक्क्यांचा विद्यार्थी आणि ८७ टक्क्यांचा विद्यार्थी त्या यादीसाठी एकाच रेषेवरून धावतात. टक्के कमी असलेल्या मुलांना ही गोष्ट कोणी स्पष्टपणे सांगत नाही आणि तेवढ्यावरून अनेकांची उमेद खचते.

सीईटीचे चार भाग असतात : वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान. पहिले तीन हाताचे आहेत. ‘चित्रकला उपजत असते, तिचा अभ्यास काय करायचा’ हा समज या तीन भागांत सर्वांत महाग पडतो. घरच्या टेबलावर पितळी लोटा, त्याला टेकून केळ्यांची फणी आणि मागे सुरकुत्या पडलेले कापड अशी मांडणी करून पाहिली, की शिकण्यासारखे किती आहे ते कळते. नवखा विद्यार्थी लोट्याचे तोंड लंबवर्तुळाकार काढतो आणि बूड सरळ रेषेने कापून टाकतो. प्रत्यक्षात, बसल्या जागेवरून लोट्याकडे वरून पाहताना, बुडाची कड तोंडापेक्षा अधिक गोल दिसते. वस्तूचा भाग डोळ्यांच्या पातळीपासून जितका खाली, तितके त्याचे वर्तुळ उघडत जाते. केळ्याचेही तसेच. ते गोल नळीसारखे काढले जाते, पण केळ्याला कंगोरे असतात आणि प्रत्येक कंगोऱ्यावर उजेड वेगळा पडतो. लोटा टेबलाला जिथे टेकतो तिथली सावली सर्वांत गडद असते. ती सुटली तर लोटा हवेत तरंगतो. हे सारे पाहण्याचे आणि सरावाचे काम आहे. रोज तासभर असे बसणाऱ्याचा हात काही महिन्यांत बदललेला दिसतो.

स्मरणचित्रात समोर काहीही नसताना दिलेला प्रसंग माणसांसह उभा करायचा असतो. मोबाइलवरच्या नटांचे चेहरे हुबेहूब उतरवण्याचा सराव इथे फारसा उपयोगी पडत नाही. भुसावळच्या फलाटावर गाठोड्यावर बसलेली बाई, केळीचे घड ट्रकमध्ये भरणारे मजूर, पोळ्याच्या दिवशी शिंगे रंगवलेली बैलजोडी, सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडेबाजार यांची वहीत झटपट केलेली रेखाटने कामी येतात. सामान्यज्ञानातही खानदेशातील विद्यार्थ्याला घराजवळचा आधार आहे. अजिंठ्याची लेणी जळगावपासून ६० किलोमीटरच्या आसपास आहेत. सर ज. जी. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. चाळीसगावात रेल्वे स्थानकाजवळ कलामहर्षी केकी मूस यांचे कलादालन आहे. एका सुट्टीत दोन्ही ठिकाणे पाहून झाली, तर पुस्तकातले पाठांतर निम्मे होते.

इंटरमिजिएट परीक्षेबद्दलचे गैरसमज दुहेरी आहेत. कला संचालनालयाच्या या शासकीय रेखाकला परीक्षेत ‘ए’ श्रेणी मिळाली म्हणजे कला महाविद्यालयातील जागा पक्की, असे पुष्कळ पालक धरून चालतात. या श्रेणीचे वाढीव गुण (‘ए’ला ७, ‘बी’ला ५, ‘सी’ला ३) दहावीच्या निकालात मिळतात. ते बारावीच्या टक्क्यांत येत नाहीत आणि त्यामुळे सीईटीही माफ होत नाही. दुसरीकडे, ही परीक्षा म्हणजे केवळ दहावीचे गुण वाढवण्याची युक्ती, असेही मानले जाते. तेही खरे नाही. स्थिरचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हे तिचे भाग सीईटीच्या तीन भागांशी थेट जुळतात. आठवी-नववीत ती मनापासून दिलेल्या मुलाची अर्धी पूर्वतयारी शाळेतच झालेली असते.

‘निकाल लागल्यावर बघू’ हा विचार तर सगळ्यांत घातक. बी.एफ.ए.ची सीईटी साधारणपणे बारावीचा निकाल लागण्याआधीच होते. अर्ज त्याहूनही आधी भरायचा असतो. मेमध्ये कमी टक्के पाहून एखाद्याने चित्रकलेकडे वळायचे ठरवले, तर त्या वर्षीची परीक्षा होऊन गेलेली असते. देशपातळीवरच्या परीक्षा आणखी लवकर होतात. आयआयटी मुंबईकडून घेतली जाणारी यूसीड जानेवारीत असते आणि तिची नोंदणी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सुरू होते.

यूसीड, एनआयडी, निफ्ट ही नावे ऐकली की ‘ते नव्वद टक्केवाल्यांचं काम’ असे म्हटले जाते. यूसीडमधून मिळणाऱ्या आणि एनआयडी, निफ्ट या संस्थांच्या डिझाइन पदवीसाठी बारावी कोणत्याही शाखेतून चालते आणि निवड त्या-त्या प्रवेश परीक्षेवर होते. निफ्टच्या बी.डिझाइनच्या निवडीत सर्जनशीलता चाचणीला ५० टक्के, सामान्य क्षमता चाचणीला ३० टक्के आणि साहित्य हाताळून वस्तू घडवण्याच्या चाचणीला २० टक्के भार दिला जातो. बारावीचे गुण या बेरजेत नाहीत. स्पर्धा मात्र कठीण आहे, आणि यूसीड फक्त दोनदा, तीही लागोपाठच्या वर्षांत देता येते. त्यामुळे पहिला प्रयत्न ‘अनुभवासाठी’ वाया घालवणे परवडत नाही.

मार्कांची चर्चा निघाली की धुळ्याजवळच्या गोंदूरचे राम सुतार यांचे नाव निघतेच. सुतारकाम करणाऱ्या घरात १९२५ मध्ये जन्मलेल्या या शिल्पकाराच्या १८२ मीटर उंचीच्या ‘स्टॅच्यू ऑफ युनिटी’चे २०१८ मध्ये अनावरण झाले. कलेला शिक्षण लागत नाही याचा पुरावा म्हणून त्यांचे उदाहरण देणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. ते मुंबईच्या ज. जी. कला विद्यालयात रीतसर शिकले, १९५३ मध्ये त्यांनी तिथले मेयो सुवर्णपदक मिळवले आणि पुढे पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या जतनाचे काम केले. त्यांच्या वाटचालीतून गावाकडची मुले काही घेणार असतील, तर ती ही शिस्त आहे.

ज. जी.ची गोष्ट निघालीच आहे, तर एक बदल लक्षात ठेवावा. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिची प्रवेशसूचना स्वतंत्रपणे वाचावी. मुंबईबाहेर शासकीय कला महाविद्यालये नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. खानदेशातही जळगावला केसीई सोसायटीचे ओजस्विनी कला महाविद्यालय आणि चोपड्याला भगिनी मंडळाचे ललित कला केंद्र आहे. सुरत मार्गाने गेल्यास बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखाही फार दूर नाही. तिची चाचणी वेगळी असते. बारावीची वाट नको असलेल्यांसाठी दहावीनंतर कला संचालनालयाचा एक वर्षाचा पायाभूत अभ्यासक्रम आणि त्यापुढील पदविका हा जुना, मान्यताप्राप्त मार्ग आहे.

कमी टक्क्यांच्या मुलांना हेरून ‘ना मार्क, ना परीक्षा, थेट प्रवेश’ असे सांगणारे वर्ग शहरोशहरी निघतात. तिथे शिकवणे चांगलेही असू शकते, पण प्रश्न प्रमाणपत्राचा असतो. संस्थेचे नाव प्रवेश प्रक्रियेच्या यादीत, कला संचालनालयाच्या किंवा विद्यापीठाच्या संलग्न संस्थांत आहे का, हे फी भरण्याआधी तपासावे. नाव नसेल तर पैसे भरू नयेत.

आता बारावीला ३८ टक्के पडलेल्या, खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याचे काय? ६०० पैकी त्याचे २२८ गुण आहेत, म्हणजे ४५ टक्क्यांना त्याला ४२ गुण कमी पडतात. राज्य मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेत उत्तीर्ण विद्यार्थ्यालाही पुन्हा परीक्षा देता येते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्हे नाशिक विभागीय मंडळाकडे येतात आणि अर्ज आपल्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फतच भरायचा असतो. सहा विषयांत मिळून ४२, म्हणजे प्रत्येक विषयात ७ गुण वाढवायचे आहेत. त्याच वर्षात सीईटीचा सरावही करता येतो. निकालानंतर पहिल्याच आठवड्यात महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन या अर्जाची मुदत विचारून घ्यावी.